यजमानाचा हात

आमच्या लातूरच्या अडत बाजाराने अलीकडेच एक जाडजूड स्मरणिका काढली. तिच्यात एका नामांकित अडत्यावर त्याच्या चिरंजीवांनी लेख लिहिला असून सोबत एक छायाचित्रही छापले आहे. दुष्काळाच्या साली मुरुडच्या शिवारात भाड्याचे छोटे विमान पडून दोन माणसे गेली, तेव्हा वडिलांनी 'उदार अंतःकरणाने' जबाबदारी पत्करली आणि मृत हमालाच्या पत्नीचे अश्रू पुसले, असे चिरंजीव लिहितात. दुसरी हकीकत वकिलांच्या खोलीत ऐकायला मिळते. एकेकाळी माझ्या हाताखाली असलेले आणि आता स्वतःच पांढरे झालेले एक वकील नवशिक्यांना सांगतात की, आमच्या गुरूंनी एका लॅटिन वचनाच्या जोरावर तो दावा जिंकला. तिसरी हकीकत मुरुडकडची. त्या बाईने भर कोर्टात शाप दिला आणि अडत्याची वाचाच गेली, असे तिकडे सांगतात.

अंतःकरण उदार नव्हते. लॅटिन मला येत नाही. आणि वाचा गेली असती तर दावा मीच हरलो असतो. बाईची बाजू मी चालवली होती आणि मी अजून जिवंत आहे, ही या तिन्ही हकीकतींची समान अडचण आहे. म्हणून हे लिहितो.

त्या वर्षी लातूर जिल्हा नुकताच झाला होता. तारखेसाठी उस्मानाबादची एस.टी. गाठण्याचा आमचा वनवास संपला होता. पाट्या नव्या होत्या, इमारती भाड्याच्या होत्या आणि नळ कोरडे होते. घरात पाहुणा आला की यजमानीण आधी त्याच्याकडे आणि मग रांजणाकडे पाहायची. तरीही ज्याला भेटावे तो ताठ मानेने चालत होता, कारण आता तो तालुक्याचा माणूस राहिला नव्हता.

पावसाने फार ओढ दिली की आमच्याकडे महादेवाला कोंडतात. गाभाऱ्याचा उंबरठा मातीने लिंपायचा आणि पिंड बुडेपर्यंत आत पाणी भरायचे. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाडतो, असा हा सरळ व्यवहार आहे. कायदा याला दबाव म्हणतो, आणि दबावाखाली झालेला करार मोडता येतो. महादेवाने आजवर ही हरकत घेतल्याचे मात्र ऐकिवात नाही.

मुरुडच्या अलीकडे बाजाराच्या श्रद्धेचे एक देऊळ आहे. तिथल्या पहिल्या अभिषेकाचा मान पिढ्यान्‌पिढ्या याच अडत्याच्या घराण्याकडे. त्याला सगळे मालक म्हणत, मीही तेच म्हणतो. त्या साली पंचाईत अशी झाली की देव कोंडायलाच पाणी नव्हते. तेवढ्यात बातमी आली की उदगीरच्या व्यापाऱ्यांनी नांदेडहून गोदावरीचे पाणी ट्रकमध्ये घालून, हलगी वाजवीत, गावभर मिरवून आणले. बाजारात बैठक बसली. मी तिथे होतो; बाजाराचे कायद्याचे काम तेव्हा माझ्याकडे होते आणि चहाही चांगला मिळायचा.

"उदगीरवाल्यांनी ट्रकनं आणलं म्हणं," मालक म्हणाले. "आणू द्या की. जिल्हा कोण हाय? आपुन हाव. आपलं पाणी वरून आलं पायजे."

"वरून म्हंजी?"

"वरून म्हंजी वरून. विमानातून. थेट कळसावर."

कुणीतरी म्हणाले की, वरून पाणी पडायचेच असते तर देव कोंडायची गरज काय? त्याला खाली बसवण्यात आले. तो मी होतो.

हैदराबादेत छोटी विमाने वैमानिकासह भाड्याने देणारी एक कंपनी होती. तिचा माणूस लातूरला आला. त्याने कराराचा कागद पुढे केला, तर बाजार हसला. आमच्या अडतीत सौदा रुमालाखाली होतो. हातावर रुमाल टाकायचा आणि बोटे दाबून भाव ठरवायचा. बाहेरच्याला फक्त रुमाल हललेला दिसतो. त्या पाहुण्याचा हात मालकांनी रुमालाखाली घेतला, बोटे दाबली, आणि बाजाराच्या दृष्टीने करार झाला. पुढे मला याच रुमालाने रडवले. आत कुणाची बोटे होती हे पाहणारा एकही साक्षीदार मिळाला नाही, कारण न पाहणे हीच तिथली सभ्यता आहे.

ठरलेल्या दिवशी सगळा बाजार नांदेडच्या विमानतळावर गेला. मी गेलो नाही, मला तारीख होती. पुढचे मी दाव्यात ऐकलेल्या साक्षींवरून सांगतो. विष्णुपुरीच्या बाजूने भरून आणलेल्या पितळी घागरी ओळीने मांडल्या होत्या. ठरल्या होत्या थोड्या. पण एका दुकानाची घागर जाणार म्हटल्यावर शेजारच्या दुकानाची मागे कशी राहील? वैमानिक म्हणाला, एवढे वजन नको. तो भला माणूस होता. परंतु आमच्या अडत बाजाराचा आग्रह कोणत्याच भाषेत मोडता येत नाही. एक घागर उतरवली की दोन चढत होत्या. शेवटी त्याने हात जोडले आणि तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

आता वर जाऊन पाणी ओतायचे कुणी? मान मालकांचा. मालक विमानापर्यंत गेले, त्यांनी विमान जवळून पाहिले, आणि त्यांचा गुडघा दुखू लागला. बाकीच्यांचे गुडघे त्यांच्या आधीच दुखत होते. मग मालकांच्या दुकानातल्या हमालाला बोलावले. देवळाचे पुजारी जंगमस्वामी होतेच. त्यांच्यासमोर प्रश्न आला: ओतणारा हमाल, मग पुण्य कुणाचे? स्वामींनी तोड काढली. यजमानाने ओतणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून संकल्प सोडायचा. मग ओतणाऱ्याचा हात तो यजमानाचाच हात. तसे झाले. हमाल आत चढला.

लातूरवरून विमान गेले तेव्हा सगळे गाव गच्चीवर होते. कोर्टाच्या गच्चीवर आम्ही वकील होतो, आमच्यात दोन्ही बाजूंचे पक्षकारही होते आणि सगळ्यांनी हात हलवले. विमान मुरुडकडे गेले. देवळावर खाली आले, कळसावर पाणी पडले, पण विमान पुन्हा वर उठलेच नाही, आणि पलीकडच्या कोरड्या तळ्यात पडले. वैमानिक आणि हमाल दोघेही जागीच गेले. एवढ्या ठिकाणी मी थट्टा करणार नाही.

थट्टा पुढे बाजाराने केली. दुसऱ्या दिवसापासून विमान कुणीच मागवले नव्हते. मागवणारा तो 'बाजार' होता, आणि बाजाराने तसा ठराव केलेला नव्हता. हमालाबद्दल एकच वाक्य सर्वांच्या तोंडी होते: हौसेने चढला. कायद्यात या वाक्याला मोठी किंमत आहे. हौसेने चढलेल्याचा धनी कुणी नसतो.

त्याची बायको माझ्याकडे आली. ती त्याच बाजारात धान्य निवडायला बसायची. मालकांनी तिच्याकडे एक लुगडे आणि ज्वारीचे पोते पाठवले होते, आणि निरोप होता की हे दान समज आणि गप राहा. हा त्या स्मरणिकेतला उदारपणा. तिने ते पोते आणणाऱ्याच्याच पाठीवर परत चढवून दिले होते.

"वकीलसाब, माझा माणूस एस.टी.त बी दाराजवळ बसत नव्हता. भ्यायचा. आन् हौसेनं चढला म्हणून राहिलेत समदे."

"मग कसा चढला?"

"चढविला. कुनी चढविला ते तुमी काढा."

"नुकसानभरपाई मागू आपण. त्यासाठी—"

"मागा की. पर आधी म्हनायला लावा. त्यो कुनाच्या कामावर मेला, त्येवढं त्याच्या तोंडानं म्हनलं पायजे. बाजारात बसले की बाया इचारत्यात, मालकीणबाई, विमानात बसून कुठं गेले तुमचे? मला दुसरं काय उत्तर न्हाई."

बाजाराचे काम मी त्याच दिवशी सोडले. चहा गेला. मालकांवर आणि कंपनीवर, दोघांवर दावा लावला.

कंपनीच्या वतीने हैदराबादहून एक कोटवाले वकील येत. विमान ठणठणीत होते, वजन भाडेकऱ्याने वाढवले आणि आत चढलेल्या इसमाला आम्ही ओळखत नाही, असे त्यांचे म्हणणे. मालकांचे वकील आमच्याच गावचे, माझ्याहून ज्येष्ठ आणि पक्के. ते म्हणत, भाडेकरू कोण ते सिद्ध करा. विमानाचा धनी वैमानिक, त्याने नाही म्हणायला हवे होते. आणि हमाल हौसेने चढला. शिवाय विमान नांदेडात उडाले, तेव्हा दावाही नांदेडात लावा. मी म्हटले, माणूस उडाला नांदेडात, पण मेला मुरुडच्या शिवारात, आणि मुरुड आता लातूर जिल्ह्यात आहे. एवढा जिल्हा मिळवला तो मरणाऱ्यांना परत दुसरीकडे पाठवण्यासाठी नव्हे. हे वाक्य वर्तमानपत्रात आले होते. माझ्या ज्युनियरने ते नंतर स्वतःच्या नावावर खपवले.

घागरींवर मात्र मी साफ हरलो. तळ्यात सापडलेल्या चेपलेल्या घागरींवर नावे कोरलेली होती, मालकांचे तर ठळक. मी एक घागर टेबलावर ठेवली तेव्हा मला वाटले, दावा संपला. मालकांचे वकील शांतपणे उठले.

"साहेब, भांड्यावर नाव मालकाचं नसतं, देणाऱ्याचं असतं. लग्नात आहेर केलेली घागर कुणाच्या घरी गेली, हे अशिलाला कसं ठाऊक असणार? माझ्या विद्वान मित्रांच्या घरी तांब्या कुणाच्या नावाचा आहे, एवढं त्यांनी सांगावं."

माझ्या घरचा तांब्या त्यांच्याच नावाचा होता. माझ्या लग्नात त्यांनी दिलेला. न्यायाधीशांनी मान खाली घालून हसू लपवले. त्यांच्याही घरी असे तांबे असणार. घागर मी टेबलाखाली ठेवली.

मग पाऊस आला. उशिरा आला, पण बरा आला. आणि जे मालक कोर्टात वाटसरू होते, ते बाजारात पुन्हा यजमान झाले. लोक दुकानात येऊन पाया पडत. त्यांचा सत्कार झाला. तो सत्कार मी घडवून आणला, असाही एक प्रवाद आहे. साफ खोटे. मी फक्त पहिल्या रांगेत बसलो, पेढा खाल्ला आणि सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. मालकांनी माझ्याकडे संशयाने पाहिले, तरी आवडले त्यांना.

पुढच्या तारखेला मी जंगमस्वामींची साक्ष घेतली. कोर्ट बाजारातल्या लोकांनी भरले होते, आणि मागच्या बाकावर मजा पाहायला उदगीरचे दोन व्यापारी येऊन बसले होते.

"स्वामी, हमालाच्या खांद्यावर कुणी हात ठेवला?"

स्वामींनी मालकांकडे पाहिले. देवळाचा नवा कळस मालकांनी कबूल केला होता.

"गर्दी लई होती साहेब. हात दिसला, तोंड दिसलं न्हाई."

कोर्ट हसले. मी हसलो नाही. मला तोंड नकोच होते.

"बरं. ज्याचा हात खांद्यावर, फळ त्याचं?"

"त्याचंच. शास्त्रच हाय तसं. ओतणाऱ्याचा हात तो यजमानाचाच हात."

"आणि समजा, कुणीच हात ठेवला नसता तर?"

स्वामींना यात काही धोका दिसला नाही. "मग काय, फळ ओतणाऱ्याचं."

मी खाली बसलो. ज्युनियरने कानात विचारले, "संपलं?" मी म्हटले, "पिकलं." तोच हा ज्युनियर, ज्याला पुढे यात लॅटिन दिसले.

मग मालक पिंजऱ्यात आले. पांढरेशुभ्र धोतर, कपाळाला भस्म, गुडघा व्यवस्थित.

"मालक, पाऊस बरा झाला यंदा."

"महादेवाची कृपा."

त्यांचे वकील उठले. "साहेब, पावसाचा या दाव्याशी संबंध काय?"

न्यायाधीश शेतकऱ्याच्या घरचे होते. "पावसाचा संबंध सगळ्याशी असतो," ते म्हणाले. "चालू द्या."

"मालक, विमान आपण आणलं नाही?"

"न्हाई."

"हमालाला आपण चढवलं नाही?"

"हौसेनं चढला."

"त्याच्या खांद्यावर आपला हात नव्हता?"

मालकांच्या वकिलांनी खोकून आठवण करून दिली. "न्हाई."

"मग स्वामींच्या शास्त्राप्रमाणे फळ ओतणाऱ्याचं. म्हणजे हा पाऊस त्या हमालानं पाडला, स्वतःच्या हातानं. तेव्हा येत्या यात्रेपासून पहिल्या अभिषेकाचा मान त्याच्या घराण्याकडे जातो." मी मागे वळलो. बाई भिंतीशी बसल्या होत्या. मी त्यांना वाकून नमस्कार केला. "बाई, अभिनंदन. दावा हरलो तरी चालेल आता आपल्याला."

मागच्या बाकावरून उदगीरचा एकजण ओरडला, "मालक, सत्काराची शाल बी देऊन टाका की मंग बाईला!"

कोर्ट हसून कोसळले. न्यायाधीश टेबलावर हात आपटीत होते. मालक त्या बाकाकडे पाहत होते, एकट्या त्याच बाकाकडे. शेत गेले असते तर त्यांनी ते सोसले असते. उदगीरकराचे हसणे सोसण्याची ताकद लातूरच्या माणसात अजून निर्माण व्हायची आहे.

"कुनाचा मान?" ते गरजले. "मान माझ्या पणज्यापासून हाय! पानी म्या भरलं, विमान म्या आनलं, रुमालाखाली बोटं माझी होती! मजाल हाय का त्याची माझ्या हुकमाबिगर चढायची? रडत व्हता तो! म्या खांद्यावर हात ठिवला तवा चढला!"

शेवटच्या वाक्याबरोबर हसणे थांबले. मालकांच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांची लेखणी चालत होती, तिचा आवाज ऐकू येत होता. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना कुणी उठायला सांगितले नव्हते आणि कुणी बसाही म्हटले नाही.

मी एवढेच बोललो की, स्वामींनी जे शास्त्र सांगितले तेच कायदा धन्याच्या आणि नोकराच्या बाबतीत सांगतो: दुसऱ्याच्या हातून केले ते आपणच केले. हे मी मराठीत बोललो. निकालात दोघांनाही जबाबदार धरले. जादा वजन घेऊन आपल्या माणसाने विमान उडवले म्हणून कंपनीला, आणि हात आपला होता म्हणून मालकांना. वैमानिकाच्या घरच्यांचा दावा त्यांच्या गावी वेगळा चालला. तिथे वकील मी नव्हतो, म्हणून त्याविषयी मत देत नाही. अशी सावधगिरी इतरांनीही बाळगावी.

निकालाच्या दिवशी बाई कोर्टाच्या पायरीवर थांबल्या होत्या. मला वाटले, आता आभार.

"वकीलसाब, तुमी त्या दिशी मला वाकून नमस्कार केला, तवा मला खरंच वाटलं का मान आला आमच्या घरी."

"तो डाव होता, बाई. हात मालकांचा ठरला, तेव्हा मानही त्यांचाच राहिला. आपल्याला निकाल हवा होता ना?"

"हवा व्हता. पर दोनी का न्हाई मिळत?"

या प्रश्नाला दिवाणी कायद्यात उत्तर नाही. मी तसे सांगितले. त्या मान हलवून निघून गेल्या, आणि मला वाटले विषय संपला.

यात्रेला मी सहसा जात नाही. त्या वर्षी गेलो. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मालकांनी भरलेली घागर दोन्ही हातांनी उचलली आणि पिंडीवर धरली. स्वामींनी संकल्प सुरू केला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढीत बाई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांनी आपला उजवा हात सावकाश मालकांच्या खांद्यावर ठेवला.

मालकांना कळले. स्वामींनाही कळले, त्यांचा मंत्र एका शब्दावर अडखळला. कोर्टात शपथेवर सांगितलेले शास्त्र आता देवळात कसे बदलणार? घागर दोन्ही हातांत होती, धार सुरू झाली होती, आणि सुरू झालेली धार मध्येच तोडणे त्या घराण्यात आजवर कुणी केले नव्हते. मालक ओतत राहिले. घागर रिकामी होईपर्यंत तो हात तिथेच होता.

बाजाराच्या छायाचित्रकाराने नेमका तोच क्षण टिपला. स्मरणिकेत छापलेले छायाचित्र ते हेच. मालक वाकून धार धरून उभे आहेत, आणि मागच्या गर्दीतून आलेला एक हात त्यांच्या खांद्यावर आहे. बांगडी नसलेले मनगट स्पष्ट दिसते. हात दिसतो, तोंड दिसत नाही. खाली चिरंजीवांनी छापले आहे: 'वडिलांच्या खांद्यावर साक्षात महादेवाचा हात.'

पुढील आवृत्तीत दुरुस्ती व्हावी. तो हात वादीचा आहे.